मदत हवी आहे : दोन कुत्री, दिवसभर घरात एकटी सासूबाई, पिण्याच्या पाण्याची सोय कशी करावी?

सायली_पाचगाव

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन कुत्री आहेत. ब्राउनी ही लॅब्रॅडॉर, मादी, चार वर्षांची, वजन ३२ किलो. बंड्या गल्लीतूनच घरात शिरलेला गावठी, सोळा किलोच्या आसपास. घर कोल्हापूरजवळ पाचगावात, स्वतंत्र, पुढे फरशीचं अंगण. नवरा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत, मी शाळेत. सकाळी गेलो की संध्याकाळीच येतो. घरी फक्त सासूबाई, त्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे त्यांना सारखं वाकून पाणी भरायला लावणं बरं वाटत नाही.

सध्या प्लॅस्टिकचा एक निळा टब ठेवतो. ब्राउनी त्यात आधी पुढचे दोन्ही पाय बुडवते, मग पिते. टब रिकामा झाला की बंड्या तो तोंडात धरून अंगणभर फिरवतो. रोज पाणी बदललं तरी आतून हात फिरवला की बुळबुळीत लागतं. दुपारी बघावं तर टब कोरडा.

पर्याय बरेच कानावर आलेत. चार लिटरची उलटी बाटली बसवलेला डिस्पेन्सर. विजेवर चालणारं कारंजं, ज्यात पाणी फिरत राहतं. शेजारचे काका म्हणतात कुंभाराकडून मातीचं कुंडं आणा, पाणी गार राहील. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, माळ्यावर तांब्याचं घंगाळ पडलंय, ते काढा, तांब्याचं पाणी आरोग्याला चांगलं.

दुसरा प्रश्न पाण्याचा. नळाला दिवसाआड पाणी, बाकी बोअर. आरओवाल्याने बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, बघितला तेव्हा आठशेच्या घरात आला होता. कुत्र्यांना बोअरचं द्यावं की आमच्यासारखं आरओचं? हल्ली ब्राउनी पाणी जरा जास्तच पितेय असं वाटतं, एप्रिलच्या उन्हामुळे असावं. अनुभव असेल त्यांनी सांगा.

गोठेवाला_कागल

ताई, एवढा इचार कशाला? आमच्या गोठ्यात म्हशींना ऑटोमॅटिक वाटी हाय. आत फ्लोट असतोय, जनावर प्यालं की पाणी आपसूक भरतंय. आमचं कुत्रंबी त्यातच पितंय. नळी टाकीला जोडायची, झालं. सासूबाईंना हात लावायची गरज न्हाई.

उद्यमनगरी

@गोठेवाला_कागल भावा, आयडिया बेस्ट आहे, पण ताईंची टाकी गच्चीवर काळी असेल तर एप्रिलमध्ये दुपारी दोनला त्या नळीतून चहाचं पाणी येईल. गोठ्यात टाकी सावलीत असते, म्हशी शंभर-शंभर लिटर ओढतात, पाणी साठून राहतच नाही. दोन कुत्र्यांत ते वाटीभर पाणी आणि नळीतलं पाणी तापत पडणार.

जनावरांचा_डॉक्टर

सायलीताई, भांड्याचं नंतर बघू. तुमच्या पोस्टमधली शेवटून दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. ब्राउनीचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का? माजावर शेवटची कधी आली होती?

कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं. म्हणजे ब्राउनीला १.६ ते १.९ लिटर, बंड्याला पाऊण ते एक लिटर. उन्हाळ्यात, खेळून आल्यावर थोडं वाढतं. कोरडं पॅकेटचं खाणं देत असाल तर भांड्यातलं पाणी जास्त जाणार, कारण त्या दाण्यात पाणी नावालाच असतं. चिकन-भात देत असाल तर निम्मं पाणी खाण्यातूनच जातं. पण किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे ब्राउनीच्या बाबतीत ३.२ लिटरच्या वर रोज जात असेल तर ऊन म्हणून सोडून द्यायचं नाही. मागे यातलं काही असू शकतं : मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, आणि ऑपरेशन न झालेल्या मादीत गर्भाशयात पू होणं, ज्याला पायोमेट्रा म्हणतात. हे दुखणं बहुतेक वेळा माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत दिसतं. बाहेरून स्राव दिसलाच पाहिजे असं नाही, गर्भाशयाचं तोंड बंद असलं तर पू आतच साठतो. तेव्हा पाणी जास्त पिणं, लघवी जास्त आणि खाण्यावरून मन उडणं एवढंच लक्षण असतं.

पाणी मोजून द्या. याच कारणासाठी मला ते आपोआप भरणारं कुठलंच साधन आवडत नाही. कोण किती प्यालं ते कळतच नाही.

सायली_पाचगाव

@जनावरांचा_डॉक्टर नाही डॉक्टर, ऑपरेशन झालेलं नाही. माज फेब्रुवारीअखेर संपला. खाणं नेहमीसारखं आहे, पण तुम्ही सांगितलेले महिने जुळतायत म्हणून धडधडलं. उद्याच घेऊन जाते.

तिरकस

आमच्या राजाभाऊंसमोर स्टील, चिनी माती, फिल्टरचं असं सगळं मांडून झालं. त्यांना कमोडमधलंच गोड लागतं. झाकण बंद ठेवण्यावाचून उपाय नाही, शिवाय त्यात क्लीनरचा अंश असतो. तेव्हा तुमचा टब काही वाईट नाही ताई.

कॉकरवाली

टब वाईटच आहे, @तिरकस. प्लॅस्टिकला नखांचे, दातांचे ओरखडे पडतात आणि त्यात जंतू घर करतात. ताईंना जे बुळबुळीत लागतंय ना, तो जंतूंचाच थर. लाळ, खाण्याचे कण आणि पाणी मिळालं की तो भांड्याला चिकटतो आणि नुसतं विसळून निघत नाही. साबण लावून काथ्याने घासावंच लागतं, रोज. आमच्या कॉकरला हनुवटीखाली पुरळ यायचे, प्लॅस्टिक बंद करून स्टील आणलं आणि ते गेले.

उलट्या बाटलीच्या डिस्पेन्सरबद्दल सांगते, कारण आमच्याकडे होता. खालच्या ताटलीतली पातळी उतरली की बाटलीत हवा शिरते आणि पाणी खाली येतं, एवढीच यंत्रणा. चालतं छान. पण लाळ ताटलीत मिसळत राहते, वरून ताजं पाणी येतंय म्हणून आपण धुवायचं टाळतो. बाटलीचं तोंड अरुंद, आत हात जात नाही, आणि उन्हात ठेवलं की हिरवं शेवाळ. तुमच्या बंड्याने एकदा आडवं पाडलं की चारही लिटर अंगणात.

कारंज्याचं म्हणाल तर मांजरवाल्या मैत्रिणी खूश असतात. पण पंप दर आठवड्याला खोलून धुवावा लागतो, फिल्टर महिन्याच्या आत बदलावा लागतो, आणि वायर चावणारं कुत्रं असेल तर नकोच.

शनिवारपेठी

मातीच्या कुंड्याचं कुणी बोललं नाही अजून. आमच्याकडे बापट कॅम्पातून आणलेलं आहे, रुंद तोंडाचं, जड बुडाचं. पाझरतं आणि पाझरलेलं पाणी वाळताना आतलं गार होतं, माठाचंच तत्त्व. आमचा म्हातारा कुत्रा भर दुपारी दुसऱ्या भांड्याकडे बघत नाही. फक्त मातीच्या छिद्रांत साबण शिरतो म्हणून साबण लावायचा नाही. गरम पाणी आणि काथ्या, मग दिवसभर उन्हात वाळवायचं. म्हणून दोन कुंडी हवीत, एक वापरात, एक उन्हात. आतून चकचकीत रंग दिलेलं शोभेचं कुंडं घेऊ नका, कुठला रंग वापरला असेल कुणास ठाऊक. पावसाळ्यात मात्र मातीचं बंदच, वाळतच नाही.

जनावरांचा_डॉक्टर

घंगाळाचं राहिलं होतं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि घंगाळ माळ्यावरच राहू द्या. काही जातींच्या कुत्र्यांत यकृतात तांबं साठतं आणि त्याने यकृत खराब होतं. बेडलिंग्टन टेरियरमध्ये हा दोष प्रसिद्ध आहे, पण लॅब्रॅडॉरही त्या यादीत आहे. माणसाला चालतं म्हणून ब्राउनीला चालेलच असं नाही.

पाण्याबद्दल : तुम्ही पिताय ते कुत्र्याला चालतं, हा सोपा नियम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएस ५०० पर्यंत चांगला धरतात आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आठशेने कुत्र्याला काही होत नाही. खनिजं त्याला खाण्यातून मिळतात, त्यामुळे आरओचं दिलं तरी बिघडत नाही, पण मुद्दाम द्यायचं कारण नाही. माझा कौल नळाच्या पाण्याला. क्लोरीनच्या वासाने तोंड फिरवत असेल तर उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवा, वास उतरतो. बोअर सेप्टिक टँकच्या जवळ असेल तर टीडीएस मीटर काही सांगणार नाही, तिथे प्रयोगशाळेत जंतूंची तपासणीच करून घ्यावी लागते.

पुरळ, साबण, टीडीएस यापेक्षा मला कोल्हापुरात काळजी वाटते ती पावसाळ्याची. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार पसरतो. जून-जुलैत अंगणात ठेवलेल्या भांड्यावरून रात्री उंदीर फिरतात. रात्री भांडं घरात घ्या, सकाळी ताजं भरा. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते, ती चुकवू नका. फिरायला नेताना रंकाळा तलाव असो नाहीतर डबकं असो, तिथलं पाणी पिऊ देऊ नका. साचलेल्या पाण्यावर हिरवट-निळसर तवंग आला असेल तर त्यातलं विष कुत्र्याला काही तासांत मारू शकतं.

नागाळापार्क_वाला

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून. २०१९ आणि २०२१ ला उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि चहूकडे पाणी असून शहराचे नळ कोरडे होते. आमच्या गल्लीत कुत्र्यांना लोकांनी पुराचंच पाणी पाजलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते म्हटलं की आम्ही आता कुत्र्याच्या वाटणीचे दोन कॅनसुद्धा भरून वर ठेवतो. ४३ ही धोका पातळी, तोवर थांबत नाही. पाचगाव उंचावर आहे, तुमच्या दारात पाणी येणार नाही, पण नळाचे पंप खालीच आहेत.

उद्यमनगरी

आता पाडापाडीवर माझ्या धंद्यातला उपाय. महाद्वार रोडला कुठल्याही भांड्यांच्या दुकानातून जाड बुडाची, काठ बाहेर वळलेली स्टीलची दोन पातेली घ्या, प्रत्येकी तीन लिटरची. उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याला पातेलं दाखवा आणि ८ एमएम सळीची रिंग वेल्ड करून मागा, तीन पायांची, पाय बाहेर फाकलेले. पातेलं रिंगमध्ये बसतं, काठावर अडकतं. कुत्र्याला दातात धरायला काठ मोकळा सापडत नाही आणि धक्क्याने कलंडतही नाही. धुवायला उचललं की सुटं.

दोन पातेली, दोन जागी. एक अंगणात सावलीला, एक घरात. एकाने घाण केलं तरी दुसरं असतं, आणि दोघांत भांडण नाही.

सायली_पाचगाव

अपडेट. ब्राउनीची सोनोग्राफी झाली, गर्भाशय स्वच्छ आहे, रक्तातली साखर आणि मूत्रपिंडाच्या चाचण्याही नीट. डॉक्टरांनी माज संपून आणखी महिनाभर गेला की नसबंदी करून घ्यायला सांगितलंय, तारीख ठरवतोय.

@जनावरांचा_डॉक्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बंड्याला मागच्या बाजूला ठेवून ब्राउनीला मापून पाणी दिलं. दोन लिटरच्या आतच पिते. बाकीचं सगळं फरशीवर! पिताना मी अगदी जवळ बसून बघितलं. जीभ पुढे नाही, मागे हनुवटीकडे वळवते आणि पाण्याचा खांब उचलल्यासारखा वर ओढते, त्यातलं निम्मं दोन्ही गालांतून गळतं. वर पाय बुडवायची सवय.

स्टीलचीच पातेली घेतेय. प्रश्न असा की सासूबाई म्हणतात रिंग गुडघ्याएवढी उंच करा, म्हणजे मला वाकावं लागणार नाही आणि ब्राउनीचे पायही आत जाणार नाहीत. करू का?

दुसरं, सासूबाई दुपारी तिला थोडं ताक देतात आणि रविवारी आळणी रस्सा. चालतं का?

जनावरांचा_डॉक्टर

छान बातमी. ताक बिनमिठाचं, पातळ, वाटीभर चालेल, मात्र ते पाण्याच्या जागी नको. आळणी रस्सा नको. तिखट नसलं तरी त्यात कांदा-लसणाचं वाटण असतंच, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. रविवारी मटण शिजायला टाकताना नुसतं मटण-पाणी वेगळ्या डेचकीत काढून घ्या, मीठ-हळद पडायच्या आधी.

रिंग उंच नको. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंचावरच्या भांड्यात खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पिळा पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. तो खाण्याचा अभ्यास होता, पण छाती खोल असलेल्या जातीत मी तरी विनाकारण उंची देत नाही. मान आखडलेल्या, सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी देतो.

शनिवारपेठी

सासूबाईंसाठी झाडांना पाणी घालायची लांब नळीची झारी ठेवा. पुढची जाळी काढून टाकायची. उभ्या उभ्या पातेल्यात पाणी पडतं, वाकायला नको. माझ्या आईसाठी तसंच केलंय.

कॉकरवाली

पाय बुडवण्यावर : पातेलं पसरट घेऊ नका, उभट घ्या, तोंड वीतभर. थोबाड जाईल पण दोन पंजे एकदम जाणार नाहीत. आणि उन्हाळ्यात बाजूला एक घमेलं पाय बुडवायलाच ठेवा, लॅबला पाण्यात उभं राहायचंच असतं. घमेलं रोज संध्याकाळी झाडाला ओता, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यूचा सर्व्हे करणारे दारात येतात.

सायली_पाचगाव

झारी भारीच! घरात आहेच एक. @उद्यमनगरी, मग रिंगची उंची किती सांगू?

उद्यमनगरी

पातेल्याचं बूड फरशीपासून बोटभर वर राहील एवढीच. पातेलं सोबत न्या, नुसतं माप सांगितलं की रिंग हमखास सैल होते. काठाखाली दोन-तीन एमएमची मोकळीक ठेवायला सांगा, नाहीतर स्टील अडकून बसतं. पायांना रबरी बुचं घाला, नाहीतर पहिल्याच पावसात फरशीवर गंजाचे तीन गोल उमटतील.