शब्दचर्चा: महाधमनीचा विच्छेद आणि 'सैनिक' पेशी

डिचोलीहून विचारणा

गावच्या वाचनालयासाठी रक्तदाबावर एक मराठी पुस्तिका लिहिते आहे. त्यात महाधमनीच्या तीव्र विकारांचा एक भाग आहे आणि त्याच भागात रोगप्रतिकारक पेशींचं काम सांगायचं आहे. माझं वाक्य असं झालं: 'महाधमनीला चीर पडताच शरीराचे सैनिक धावून येतात आणि शत्रूशी लढतात.' शाळेत पांढऱ्या पेशींची ओळख सैनिक म्हणूनच होते, तेव्हा वाचकाला हे जवळचं वाटेल असं मनात होतं. पण लिहून झाल्यावर अडले. इथे जंतू नाहीत, मग शत्रू कोण?

आणखी तीन शंका. अऑर्टाला महाधमनी लिहू की महारोहिणी? डिसेक्शनला, म्हणजे भिंतीचे थर सुटण्याला, 'विच्छेदन' चालेल का? आणि इन्फ्लमेशन म्हणजे दाह की शोथ?

पेडण्याहून, निवृत्त शिक्षक

ताई, पहिल्या शंकेपुरतं सांगतो. मराठी विश्वकोशात आर्टरीला रोहिणी, व्हेनला नीला आणि अऑर्टाला महारोहिणी हे शब्द आहेत. शाळेच्या पुस्तकांत रोहिणीही येतं आणि धमनीही. पण आज रोहिणी म्हटलं की आपल्याकडे लोकांना आधी नक्षत्र आठवतं, त्यातही पेरणीच्या दिवसांत. महाधमनीच ठेवा. एकदा कंसात 'हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी' असं लिहा. आमच्या गावात सगळ्याच वाहिन्यांना 'शीर' म्हणतात, आणि 'शीर तुटली' म्हणजे मेंदूतला रक्तस्रावही असतो, म्हणून शीर हा शब्द इथे टाळलेला बरा.

फोंड्याहून, डॉक्टर

ताई, तुम्ही अडलात ते योग्य ठिकाणी. 'सैनिक' हा शब्द मला इथे अजिबात नको वाटतो. का, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण या शब्दामुळे आजाराचं सगळं चित्रच उलटं होतं.

आधी आजार. महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात: आतला पातळ अस्तर-थर, मधला जाड थर आणि बाहेरचा थर. मधल्या थरात लवचीक तंतू आणि स्नायुपेशी असतात. हृदयाचा प्रत्येक ठोका झेलून पुन्हा मूळ आकाराला येण्याचं काम हाच थर करतो. आतल्या अस्तराला चीर पडली की दाबाखालचं रक्त मधल्या थरात घुसतं आणि थर एकमेकांपासून सुटत जातात. चिऱ्याच्या भिंतीला बारीक भेग पडून पावसाचं पाणी गिलाव्यामागे शिरतं आणि गिलावा हातभर सुटतो, तसं. रक्ताला वाहायला दुसरी, खोटी वाट तयार होते. हे डिसेक्शन. हृदयातून वर जाणाऱ्या भागात ते झालं तर 'अ' प्रकार. त्यात तातडीची शस्त्रक्रिया लागते, कारण उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला साधारण १ ते २ टक्के मृत्यूचा धोका वाढत जातो. वरचा भाग शाबूत असेल तर 'ब' प्रकार. त्यात बहुतेकदा आधी रक्तदाब आणि नाडीची गती औषधांनी खाली आणतात. काहींना आतून जाळीची नळी बसवावी लागते.

आता पेशी. चीर पडल्यावर भिंतीत पहिल्यांदा मोठ्या संख्येने येतात त्या न्यूट्रोफिल. निरोगी प्रौढाच्या रक्तात पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक याच असतात. मागोमाग मोनोसाइट येतात आणि ऊतींत शिरून त्यांच्या मॅक्रोफेज होतात. टी-पेशी आणि मास्ट पेशी या आणखी दोन प्रकारच्या प्रतिकारक पेशीही सापडतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या महाधमनीच्या तुकड्यात मधल्या आणि बाहेरच्या थरात या सगळ्या दिसतात. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरं (एन्झाइम) सोडतात, आणि ती लवचीक तंतू आणि कोलॅजेन हे भिंतीला बळकटी देणारं प्रथिन तोडतात. ज्या तंतूंवर भिंत उभी आहे तेच विरघळू लागतात. म्हणजे तुमचे 'सैनिक' इथे आपलाच कोट पाडत असतात. हे वाचकाला कळलंच पाहिजे, आणि 'शत्रूशी लढतात' हे वाक्य नेमकं तेच झाकतं.

बाहेरच्या थराकडे फार कमी लिहिणाऱ्यांचं लक्ष जातं. तिथल्या तंतुजनक पेशी आणि नव्याने आलेल्या मोनोसाइट एकमेकींना चेतवतात. इंटरल्यूकिन-६ आणि सीसीएल-२ हे संदेशवाहक रेणू वाढतात, त्यांच्या हाकेने आणखी मोनोसाइट येतात. उंदरांना अँजिओटेन्सिन-२ हे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक देऊन केलेल्या प्रयोगांत इंटरल्यूकिन-६ चं जनुक नसलेल्या उंदरांमध्ये भिंत फाटण्याचं प्रमाण कमी दिसलं. दुसऱ्या प्रयोगात न्यूट्रोफिल कमी केल्यावरही तसंच झालं. प्राण्यांत तरी या पेशी चीर पडण्याआधीपासून कामाला लागलेल्या असतात आणि चीर पडायला हातभार लावतात. माणसात हे सिद्ध करणं कठीण, कारण आपल्या हाती तुकडा येतो तो चीर पडून गेल्यावर. म्हणून तुमच्या वाक्यातलं 'चीर पडताच' हेही सैल करा.

याचा अर्थ या पेशी दुष्ट आहेत असाही नाही. त्याच मॅक्रोफेज मेलेल्या पेशी उचलतात आणि कोलॅजेन घालण्याचा इशारा देतात. नियामक टी-पेशी चेतलेली प्रतिक्रिया शांत करतात. सगळी प्रतिकारशक्तीच दाबून टाकली तर भरून येणंही थांबेल. म्हणूनच या पेशींवर नेम धरणारं औषध आज नेहमीच्या उपचारांत नाही. नाडी ६० च्या खाली आणि वरचा रक्तदाब १०० ते १२० च्या दरम्यान आणणं, हाच पहिला आधार.

जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या डिंभात (अळीत) काटा टोचून भटक्या पेशी त्याच्याभोवती गोळा होताना पाहिल्या. त्या पेशींना 'फॅगोसाइट' हे जे नाव पडलं त्यात खाणं आहे, लढणं नाही. मराठीत 'भक्षक पेशी' आहेच. मॅक्रोफेजला 'महाभक्षक' लिहा, सोबत मूळ नावही ठेवा, कारण इस्पितळाच्या अहवालात तेच येईल.

विच्छेदनाबद्दल. गोव्यातल्या वर्तमानपत्रांत पोस्टमॉर्टेमला 'शवचिकित्सा' म्हणण्याची रीत आहे, पण महाराष्ट्रातून येणाऱ्या मजकुरात शवविच्छेदनच असतं. 'महाधमनीचे विच्छेदन झाले' वाचून कुणाला ती शस्त्रक्रियाच वाटेल. विच्छेदन कुणीतरी करतं, विच्छेद होतो. 'महाधमनीचा विच्छेद' लिहा, आणि पहिल्या ठिकाणी 'भिंतीचे थर सुटणे' असा खुलासा द्या. अन्युरिझमसाठी 'विस्फार' रुळलेला आहे. तो फुगवटा, ही चीर. दोन्ही एकाच रुग्णात असू शकतात, पण शब्द एकमेकांच्या जागी नकोत.

म्हार्दोळहून, वैद्य

डॉक्टरांचं पटलं. दाह आणि शोथ याबद्दल माझं मत. दाह म्हणजे आग होणं, जळजळ. शोथ म्हणजे सूज. इन्फ्लमेशनमध्ये लाली, सूज, उष्णता, वेदना ही चार लक्षणं जुन्या काळापासून मोजली आहेत, त्यातलं एकेक या दोन शब्दांत येतं. विश्वकोशाने 'शोथ' घेऊन कंसात 'दाहयुक्त सूज' दिलं, ते मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. 'महाधमनीदाह' लिहिलंत तर वाचक छातीतली आम्लपित्ताची जळजळ समजेल, आणि या आजारात ती गल्लत जिवावर बेतणारी आहे.

आणखी एक. 'महाधमनीशोथ' हा शब्द मात्र वेगळ्या आजारासाठी राखून ठेवा. ताकायासूंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात प्रतिकारक पेशींचा हल्ला हाच मूळ रोग असतो. विच्छेदात शोथ असतो, पण तो रोगाचा भाग, रोगाचं नाव नव्हे. आणि 'तीव्र'? रोजच्या मराठीत तीव्र म्हणजे जोरदार. वैद्यकात ॲक्यूट हे काळाचं माप आहे. विच्छेदात लक्षणं सुरू झाल्यापासून १४ दिवसांपर्यंत तो ॲक्यूट धरतात. आमच्याकडे 'आशुकारी' आहे, पण पुस्तिकेत तो जड होईल. 'अचानक उद्भवणारे' म्हणा.

डिचोलीहून

सर, डॉक्टर, वैद्यबाई, मनापासून आभार. सैनिक आणि शत्रू दोन्ही काढले. आता वाक्य असं: 'महाधमनीच्या भिंतीत शोथ (दाहयुक्त सूज) असताना भक्षक पेशी तिथे गोळा होतात. त्यांनी सोडलेल्या विकरांमुळे भिंतीचे लवचीक तंतू तुटतात आणि भिंत आणखी दुबळी होते. पुढे जखम भरून आणण्यातही यांतल्याच काही पेशींचा वाटा असतो.' 'रोगप्रतिकारक पेशी' हे सर्वसाधारण नाव मथळ्यात ठेवू का? त्यातही प्रतिकार आहेच.

फोंड्याहून, डॉक्टर

ठेवा. तो शब्द आता रुळला आहे, आणि मजकुरात तुम्ही त्या पेशी काय करतात ते क्रियापदांनी सांगितलंय, तेवढं पुरे. फक्त 'असताना' ऐवजी 'असेल तेव्हा' करा, म्हणजे शोथ प्रत्येकात आधीपासून होताच असा अर्थ निघणार नाही.

आणि एक विनंती. पेशींच्या भागाआधी लक्षणांचे शब्द लोकांच्या तोंडचे घ्या: 'छातीत एकदम चिरल्यासारखं झालं', 'दुखणं पाठीत दोन खांद्यांच्या मधे सरकलं'. अशी वेदना हृदयविकाराचा झटका समजून रक्त पातळ करणारं किंवा गुठळी विरघळवणारं औषध दिलं गेलं तर विच्छेदात ते घातक ठरू शकतं. निदान सीटी अँजिओग्राफीने होतं. १०८ ला फोन करणाऱ्याने हेच शब्द जसेच्या तसे सांगितले, तर पुढच्या डॉक्टरच्या मनात विच्छेदाची शंका लवकर येईल.