मदत हवी आहे: १९६९ची डॉज चार्जर – रेल आणि क्रॉसमेंबर बदलताना सांगाड्याला टेकू कुठे द्यायचा?

मंडळी,

मिशिगनमधल्या घरच्या गॅरेजमध्ये बरीच वर्षं मी या गाडीचं काम करतोय. ३८३ घनइंची व्ही-८, टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्स. व्हीआयएनमध्ये (गाडीच्या ओळख क्रमांकात) बी अक्षर आहे, म्हणजे डिट्रॉइटला खेटून असलेल्या हॅमट्रॅम्कच्या कारखान्यातली. तो कारखाना १९८०मध्ये बंद झाला, म्हणून इथल्याच मातीतली ही गाडी मला पुन्हा रस्त्यावर बघायची आहे. इंजिन स्टँडवर आहे, त्याची काळजी नाही.

काळजी गंजाची आहे. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीला खालून खातं. त्यात चार्जरची मागची काच दोन्ही बाजूंच्या खांबांमध्ये खोल बसवलेली. दिसते देखणी, पण काचेखाली पाणी साचतं, तिथला पत्रा कुजतो आणि पाणी डिकीत उतरतं. डिकीचा तळ कापल्यावर दिसलं की उजवी मागची रेल (तळाखालची लांब पोकळ तुळई) शॅकलजवळ, म्हणजे लीफ स्प्रिंगचं मागचं टोक रेलला जोडणाऱ्या कडीजवळ, आतून पोखरली आहे. पुढे टॉर्शन बारच्या (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांच्या) क्रॉसमेंबरमध्येही, म्हणजे आडव्या तुळईतही, उजव्या बाजूला स्क्रूड्रायव्हर आरपार जातो.

या गाडीला वेगळी चासी नाही. रेल, तळ, उंबरे (दारांखालचे लांब पत्र्याचे भाग), खांब सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं, त्यामुळे एक भाग कापला की बाकीचं हलू शकतं. दारांच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरके आधार वेल्ड करायचे, दारं लावूनच ठेवायची म्हणजे फटी बदलल्या तर लगेच कळेल, आणि एका वेळी एकच बाजू कापायची, इतकं ठरलं आहे. सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकृतीवरून कर्णांची (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी) मापंही घेतली आहेत.

अडलंय ते वजनावर. पुढच्या चाकांचा भार टॉर्शन बार पेलतात आणि त्यांची मागची टोकं याच क्रॉसमेंबरमध्ये बसतात. त्याला हात लावण्याआधी बारचा ताण सोडून ते काढावेच लागतील, नाहीतर जीवावर बेतेल. म्हणजे गाडी पुढच्या चाकांवर उभी राहणार नाही. रेल कापल्यावर लीफ स्प्रिंगचं मागचं टोकही सुटेल. मग जॅक स्टँड नेमके कुठे? उंबऱ्यांखाली दिले तर पुढचं आणि मागचं टोक खाली झुकेल अशी भीती वाटते. मला वाटतं आधी क्रॉसमेंबर करावा, बार परत बसवावेत, मगच मागे जावं. हा क्रम बरोबर आहे का?

दुसरं, रेल अख्खी बदलावी की कुजलेला तुकडाच कापून नवा जोडावा? शॅकलचा भार तिथेच येतो, म्हणून माझा कल अख्ख्या रेलकडे आहे.

चार्जर कुणी केली नसेल तरी लिहा. अँबेसेडर आणि पद्मिनीलाही वेगळी चासी नाही, त्यामुळे पुण्या-कोल्हापुरात कुणी त्यांचे उंबरे किंवा तळ घरी बदलले असतील तर तो अनुभव मला थेट उपयोगी पडेल. वेल्डिंगनंतर कर्णांमध्ये किती मिलिमीटर फरक तुम्ही चालवून घेतलात, तेही सांगा.