विषय: उन्हाळ कांद्याचं बी एडिनबरात चालेल का?

सप्रेम नमस्कार मंडळी,

डिसेंबरात नाशिकला घरी जाणार आहे. येताना उन्हाळ कांद्याचं बी आणायचं मनात आहे. मागच्या अंगणातला वाफा तयार आहे, शेणखतही भरपूर घातलंय. पण मंडळातल्या एका ताईंनी असंच बी लावलं होतं, तर कांदा लिंबाएवढाही झाला नाही. कोथिंबिरीचंही तेच. जूनमध्ये जरा वर येते न येते तोच फुलावर जाते. माती कमी पडते की ऊन? नाशिकचे काका यादीवर आहेत, त्यांनी जरूर सांगावं.

— एडिनबराहून

---

ताई,

माती दोषी नाही आणि ऊनही नाही. कांदा आणि कोथिंबीर दोन्हींच्या मागे कारण एकच आहे: दिवसाची लांबी.

नाशिक २० अंश उत्तरेला. आपला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, सगळ्यात लहान अकराचा. इथला कांदा पिढ्यान्‌पिढ्या याच दिवसांवर वाढला आहे. दिवस ११-१२ तासांचा झाला की तो पोसायला लागतो, म्हणजे पात वाढवायचं सोडून खाली कांदा भरायला लागतो. उन्हाळ कांद्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचं, दीड-दोन महिन्यांचं रोप डिसेंबर-जानेवारीत लावायचं, म्हणजे पोसायची वेळ येईपर्यंत झाड अंगानं भरलेलं असतं. एक उपटून आडवा कापून बघा. प्रत्येक पातीचा एक पापुद्रा. जेवढी पात जास्त, तेवढा कांदा मोठा.

आता तुमच्याकडे बघा. एडिनबरा ५६ अंशांवर. मार्चच्या शेवटीच दिवस १२ तासांच्या वर जातो आणि जूनमध्ये साडेसतरा तासांचा होतो. आपलं बी तिथे वसंतात उगवलं की त्याला पहिल्या दिवसापासून पोसायचा हुकूम मिळतो. तीन-चार पाती आलेल्या असताना ते गाठ धरतं आणि तिथेच थांबतं. लासलगावच्या बाजारात बारीक कांद्याला गोल्टी म्हणतात, त्याहूनही बारीक. त्या ताईंच्या मेहनतीत काही कमी नव्हतं, हे त्यांना आवर्जून सांगा.

म्हणून बी नेऊ नका. शिवाय नुसती पुडी बॅगेत टाकून नेता येत नाही, त्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि ते लागतं हे योग्यच आहे. रोग बियाण्यातूनही पसरतात. तिथलंच लांब दिवसाचं वाण घ्या. लाल हवा असेल तर 'रेड बॅरन'. 'आयल्सा क्रेग' तर स्कॉटलंडचंच नाव. तुमच्या दुकानात वसंतात लावायच्या छोट्या कांद्या मिळतात, त्या मार्च-एप्रिलात लावा.

नाशिकची पद्धत मात्र जरूर न्या. दोन ओळींत १५ सेंटीमीटर, दोन रोपांत १०. तण अजिबात वाढू देऊ नका, कांद्याची मुळं वरवर असतात, त्याला तणाशी झुंजता येत नाही. गाठ धरायला लागली की नत्राचं खत बंद, नाहीतर मान जाड राहते आणि असा कांदा टिकत नाही. निम्म्या पाती माना टाकून आडव्या झाल्या की काढणी. काढल्यावर लगेच पात कापू नका. एका ओळीतला कांदा पुढच्या ओळीच्या पातीखाली झाकला जाईल असा पसरून वाळवा, मग दोन-तीन सेंटीमीटर मान ठेवून कापा. तुमच्याकडे ऑगस्टात पाऊस असतो, तेव्हा हे काम पडवीत करावं लागेल. या वाळवणीवरच कांदा कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो, त्यात घाई नको.

कोथिंबीर आणि पालक दिवस लांबला की फुलावर जातात, मेथीचाही कल तोच. एप्रिलमध्ये एकदा पेरा आणि पुन्हा ऑगस्टात. धणे चपलेखाली हलके रगडून दोन डाळिंब्या करा, रात्रभर भिजवा. उगवायला दहा-बारा दिवस घेतात, तोवर वाफा सुकू देऊ नका. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, पसरट कुंडीतही होते.

कढीपत्ता बाहेर लावू नका. पारा दहाच्या खाली गेला की पानं गाळतो. खिडकीत ठेवा आणि हिवाळ्यात पाणी अगदी बेतानं.

— नाशिकहून काका

---

काका, मनापासून आभार. त्या ताईंना तुमची मेल वाचून दाखवली, त्यांना फार बरं वाटलं. बी आणत नाही. डिसेंबरात लागवड बघायला मिळेल का?

---

मिळेल की. निफाडकडे तेव्हा रोपांची लावणी जोरात असते. सकाळी लवकर निघू, बायका ओळीनं वाफ्यात बसून लावतात, त्यांचा हात बघण्यासारखा असतो. विचारलं तर तुमच्याही हातात रोपांची जुडी देतील. स्वेटर आणा, एडिनबराहून येत असलात तरी निफाडची थंडी कमी लेखू नका.