‘परीक्षाच बंद केल्या म्हणून पोरं बिघडली’ म्हणणाऱ्या काकांना

कळमेश्वरचा मास्तर

काल रात्री नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या काकांनी इथं लांबलचक पोस्ट टाकली. सार एवढंच: २०१० पासून सरकारनं परीक्षा बंद केल्या, मास्तर मोकळे झाले, आठवीतल्या पोराला सतराचा पाढा येत नाही. पाचवी-आठवीत नापास करणं परत आणलं तेच बरं केलं, आता पहिलीपासून आणा. खाली अंगठ्यांची रांग. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. वाचून झोप उडाली म्हणून लिहून राहिलो.

काका, परीक्षा बंद झाली कधी? २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय उघडा. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता-शिकवता केलेली तपासणी, ७० गुणांची; संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, ३० ची. तिसरी-चौथीला ६०-४०. पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं. सातवी-आठवीला तर संकलितच ६०. हे ६० गुण काय पोरं हवेतून आणत होती? बंद झालं ते नापास करणं, आणि तेही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे पोराला वर्षभर सगळ्या अंगांनी तपासत राहणं, आलं कलम २९ मधून. दोन्हीची खिचडी करायची आणि ताट आमच्यासमोर सरकवायचं, असं चाललंय.

दुसरीतल्या एका पोराचं सांगतो. ५२ वजा २७ चं उत्तर तो ३५ काढायचा. प्रत्येक वेळी. पेपरात याला शून्य. मी शेजारी बसून करायला लावलं. दशक सुटा केला, १२ मधून ७ काढले, ५ लिहिले, इथपर्यंत चोख. पण दशकाच्या घरातल्या ५ चे ४ करायचे राहून जायचे. म्हणजे पोराला वजाबाकी येते, एक पायरी तेवढी सुटते. काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलो, तासाभरात सुटलं. हे आकारिक मूल्यमापन. एप्रिलच्या पेपरात हे कळलं असतं तर पोरगं तोवर तिसरीत गेलं असतं.

आता हे रोज, प्रत्येक पोरासाठी, प्रत्येक विषयात होतं का? नाही होत. आमच्याकडे दोन मास्तर, चार वर्ग; ६० पटापर्यंत कायद्यानंच दोन. पहिली-दुसरी एका खोलीत. त्यात केंद्रप्रमुखांकडून, म्हणजे आसपासच्या शाळांवरच्या साहेबांकडून, निरोप येतो, ‘माहिती आजच पाठवा, नमुना ग्रुपवर आहे’. पोषण आहाराचा हिशोब वेगळा, मतदार यादी वेगळी. मग वर्णनात्मक नोंदी, म्हणजे पत्रकावर प्रत्येक पोराबद्दल लिहायची वाक्यं, मार्चअखेर रात्री बसून भरल्या जातात. पद्धत चुकली म्हणता. ती राबवलीच कुठं?

त्रिमूर्तीनगर काका

मास्तर, शासन निर्णय वाचून दाखवू नका, मी ३० वर्षं सरकारी नोकरी केली आहे. निर्णय कसे निघतात आणि कपाटात कसे जातात ते मला ठाऊक आहे.

माझा नातू सातवीत. खाजगी शाळा, फी ऐकून चक्कर येईल. प्रगतिपत्रकावर गणितात अ-२, म्हणजे वरून दुसरी श्रेणी, नोंद काय तर ‘गणितीय क्रियांमध्ये विशेष रुची दाखवतो’. परवा सीताबर्डीवर ३४० ची खरेदी केली, ५०० ची नोट दिली, किती परत येतील विचारलं तर मोबाइल काढला! आमच्या वेळी चौथीला बसायचं म्हणजे पोटात गोळा यायचा. तो गोळा होता म्हणून पाढे पाठ होते. भीती गेली की अभ्यास गेला, सरळ हिशोब आहे. आणि ‘राबवलीच नाही’ हे तुमचं पेटंट उत्तर आहे. पंधरा वर्षं राबवता आली नाही ती पद्धत काय देव्हाऱ्यात ठेवायची?

दोन पोरींची आई, मानेवाडा

तुम्ही दोघं पाढे अन् कलमं घेऊन बसा. ‘प्रकल्प’ नावाचा जो छळ आहे त्याबद्दल बोला न कोणी. रात्री नऊ वाजता पोरगी सांगते, उद्या ज्वालामुखी न्यायचाय. राज्यात थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आली, शाळेच्या यादीत थर्माकोल पहिल्या नंबरला! मागच्या वर्षी मोठीला प्रकल्पात २० पैकी १९. ते १९ माझे आहेत. एक गुण कापला त्याचा मला अजून राग आहे.

इतवारीवाला

ताई, स्टेशनरीचं दुकान आहे आपलं, म्हणून सांगतो. सौरमाला बारमाही चालते, ज्वालामुखी मार्चमध्ये, पाण्याचं चक्र आजकाल कोणी घेत नाही. नाव टाकून तयार मिळते.

अन् मास्तर, राग मानू नका जी, वर्णनात्मक नोंदींचं तयार पुस्तकही ठेवतो. विषयवार वाक्यं. ते पालक नेत नाहीत, मास्तरलोकच नेतात. ‘स्वतःचे मत ठामपणे मांडतो’ हे वाक्य माझ्याच पोराच्या पत्रकावर आलं. पोट्टं घरी पाव्हणे आले की पलंगाखाली जाते.

कळमेश्वरचा मास्तर

पुस्तक मीही पाहिलंय. मी वापरत नाही म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून म्हणत नाही.

पारडीचा सर

प्रायव्हेटवाल्यांनाही बोलू द्या जरा. मूल्यमापन गेलं खड्ड्यात, ते घ्यायचं कधी हे आधी ठरवा. २०२५ ला अख्ख्या राज्याला एकच वेळापत्रक काढलं. पहिली ते नववी, २५ एप्रिलपर्यंत पेपर. पुण्यात बसून काढलं हे सांगायची गरज नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा ४४ ला टेकतो. वर टिनाचं छप्पर, वर्गात एक पंखा, तोही गरम हवाच फिरवतो. उत्तरपत्रिकेवर घामाचे डाग. हे कोणाचं सर्वंकष मूल्यमापन, पोरांचं की छपराचं?

पुणेकर (मूळ अमरावती)

सर, पुण्याला शिव्या देणं सोपं आहे. पूर्वी परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला उरकायच्या आणि मग पोरं शाळेकडे फिरकायची नाहीत. पहिली ते पाचवीला २०० दिवस, सहावी ते आठवीला २२० दिवस कायद्यात लिहिलेत. त्यात विदर्भातल्या शाळा उघडतात उशिरा. दिवस भरायचे कुठून?

पारडीचा सर

दिवाळीच्या सुट्टीतून भरा, थंडीत भरा. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे शाळेसाठी सोन्यासारखी हवा असते, तेव्हा स्नेहसंमेलनं चालतात. उशिरा उघडतात कारण जूनमध्येही इथं भाजून निघते. हे तुम्हाला अमरावतीचं असून सांगायचं का?

दोन पोरींची आई, मानेवाडा

धाकटीचा पेपर होता, साडेदहाला सुटली. रिक्षा येईपर्यंत गेटवर उभी, घरी आली तर नाकातून रक्त. शाळेत विचारलं तर म्हणे वेळापत्रक वरून आलंय.

इतवारीवाला

वरून काहून नाही येणार? विदर्भाला मराठी राज्यात घ्यायचा १९५३ चा नागपूर करार झाला, तेव्हापासून सगळं वरूनच येऊन राहिलं. साहेबलोक डिसेंबरात अधिवेशनाला येतात, गुलाबी थंडीत संत्री खाऊन परत जातात. एकदा मे महिन्यात अधिवेशन घ्या म्हणा. दुपारी बाराला, कूलर बंद करून.

त्रिमूर्तीनगर काका

आला, आला विदर्भवाद! पाढ्यांवरून करारावर. आम्ही महालातून अनवाणी चालत शाळेत जायचो, डोक्याला उपरणं, खिशात कांदा. कोणाच्या नाकातून रक्त आलं नाही. पोरं नाजूक केली तुम्ही लोकांनी.

दोन पोरींची आई, मानेवाडा

काका, माझ्या पोरीच्या रक्तावर तुमच्या खिशातला कांदा नका ठेवू. शोभत नाही.

निवृत्त बाई, सक्करदरा

उन्हाचा विषय पुरे. मी अनुदानित शाळेत मुख्याध्यापक होते, दोन्ही राज्यं पाहिली, नापासाचं आणि बिननापासाचं.

काका, पाचवीत नापास केलेल्या मुलांच्या याद्यांवर माझ्या सह्या आहेत. मुलगा नापास झाला तर बाप दोन थोबाडीत देऊन पुन्हा पाठवायचा. मुलगी नापास झाली की जूनमध्ये यायचीच नाही. एक पोर हस्ताक्षर मोत्यासारखं असलेली, गणित आणि इंग्रजीत गेली. पुढच्या वर्षी आईबरोबर धुण्याभांड्याच्या कामाला जाताना मला रस्त्यात भेटली, ओळख देऊन हसली. तुमच्या पोटातल्या गोळ्यानं तिला कुठला पाढा शिकवला?

आणि मास्तर, तुम्हीही फार साळसूद होऊ नका. दोन शिक्षक, चार वर्ग, केंद्रप्रमुखांचे फोन, सगळं मान्य. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या पत्रकावर मधली क-१ श्रेणी लिहायला कुठल्या शासन निर्णयानं सांगितलं होतं? इ-१, इ-२ या सगळ्यात खालच्या श्रेणी दिलेल्या होत्या. त्या लिहिल्या की पूरक मार्गदर्शन करावं लागतं, पालक भांडायला येतात, वरचे साहेब ‘तुमच्याच शाळेत का’ विचारतात. म्हणून सगळ्यांनी ढकललं. माझ्या शाळेतल्या शिक्षकांनीही ढकललं आणि मी बघत होते. खरं लिहिलं असतं तर आज काकांना बोलायला जागा राहिली नसती.

त्रिमूर्तीनगर काका

बाई, एका मुलीवरून अख्ख्या राज्याचं धोरण ठरवता?

निवृत्त बाई, सक्करदरा

तुम्ही एका नातवावरून ठरवलं, म्हटलं आपणही पाहावं.

कळमेश्वरचा मास्तर

बाईंचं लागलं, पण खरं आहे. इ-२ लिहिणाऱ्याला मेमो आणि अ-२ लिहिणाऱ्याला शाबासकी मिळत असेल तर कोण काय लिहील ते दिसतंच आहे. वर आता चाचणीचे गुण चॅटबॉटवर भरायचे. पोरगं कुठं अडलं ते तिथं लिहायला रकाना नाही.

पुणेकर (मूळ अमरावती)

केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळांनी तर ही पद्धत २०१७ मध्येच गुंडाळली. दहावीची बोर्ड परीक्षा २०१८ पासून पुन्हा सक्तीची झाली. आणि आता २०२० च्या धोरणात ‘समग्र प्रगतिपत्रक’ म्हणून तेच मागच्या दारानं येतंय. स्वतःचं मूल्यमापन, मित्रांनी केलेलं मूल्यमापन, पालकांचं मत.

दोन पोरींची आई, मानेवाडा

पालकांचं मत? म्हणजे अजून एक फॉर्म. बाप्पा!

त्रिमूर्तीनगर काका

ठीक आहे. परीक्षा बंद केल्या, हे पोस्टमधलं एक वाक्य मागे घेतो. पोराला चुकीचं पत्रक देणं हा गुन्हा आहे, हे माझं म्हणणं कायम. ७ डिसेंबर २०२३ चा निर्णय म्हणूनच मला पटतो. पाचवीला विषयाला ५० गुणांची, आठवीला ६० गुणांची वार्षिक परीक्षा, राहिला तर पुन्हा संधी, तरी राहिला तर त्याच वर्गात. कोणी शाळेतून काढत नाही. यात वाईट काय?

कळमेश्वरचा मास्तर

कागदावर काहीच वाईट नाही. पण कायदा म्हणतो, निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा आणि त्याआधी जादा शिकवणं. निकाल लागतो १ मेच्या सुमारास. म्हणजे राहिलेल्या पोरांना शिकवायचं मे-जूनमध्ये. पोरं तेव्हा मामाच्या गावी, नाहीतर आईबापासोबत वीटभट्टीवर. जी गावात आहेत ती टिनाखाली. मी यायला तयार आहे काका, खोटं नाही सांगत. मागेही येत होतो.

त्रिमूर्तीनगर काका

मग या न! कूलर मी देतो. माझ्याकडे जुना एक पडला आहे, पंप नवा टाकून देतो. पण शिकवा खरं.

पारडीचा सर

काका, एक पारडीलाही पाठवा.

कळमेश्वरचा मास्तर

कूलर चालेल. पण आणण्याआधी फोन करा. वीजबिलाच्या थकबाकीत मागच्या उन्हाळ्यात शाळेची लाइन कापली होती. या वर्षीचं बिल भरलं गेलं का ते ग्रामपंचायतीत विचारून सांगतो.