नाताळच्या रात्री काय बघायचं? माझं मत: 'टोकियो गॉडफादर्स'

पाणचक्की

दर डिसेंबरात कुणीतरी विचारतंच, नाताळला घरी बसून काय बघू? आणि उत्तरंही ठरलेली असतात. लाल टोपीवाला म्हातारा, बर्फामुळे रद्द झालेलं विमान, शेवटच्या दहा मिनिटांत एकमेकांच्या गळ्यात पडणारी खात्यापित्या घरची माणसं. माझं उत्तर गेली सहा वर्षं एकच आहे, म्हणून यंदा धागाच काढतोय.

सातोशी कोनचा 'टोकियो गॉडफादर्स'. २००३ चा जपानी ॲनिमेशनपट, लांबी जेमतेम दीड तास. २४ डिसेंबरची रात्र, बाहेर बर्फ, आणि तीन बेघर माणसं कचऱ्याच्या ढिगात पुस्तकं धुंडाळताहेत. तिथे त्यांना तान्हं बाळ सापडतं. तिघांपैकी जिन म्हणजे पक्का दारुडा. हाना एकेकाळी क्लबात गायची. शरीर पुरुषाचं, मन बाईचं. मियुकी ही घरातून पळालेली शाळकरी पोर. बाळ पोलिसांत देऊन मोकळं व्हायचं सोडून हाना हटून बसते: आपणच हिच्या आईला शोधायचं आणि तोंडावर विचारायचं, का टाकलंस गं?

सिनेमा सुरू होतो चर्चमध्ये. लहान मुलांचं येशूजन्माचं नाटक, मग प्रवचन, मग गरिबांना जेवण. हाना ताट पुढे करून जास्तीचं वाढायला सांगते, कारण ती म्हणे आता दोन जिवांची आहे. कुमारी मातेला होऊ शकतं तर मला का नाही, हा तिचा युक्तिवाद. वाढणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा आहे. पहिल्या पाच मिनिटांत इतका वात्रट विनोद, आणि तासाभराने तोच विनोद आठवून घशात आवंढा येतो.

मला सगळ्यात आवडतं ते एवढंच की या तिघांना कुणी गरीब-बिचारे संत केलेलं नाही. जिन सिनेमाभर थापा मारतो. सायकल शर्यतीतला खेळाडू होतो म्हणतो, बायको-मुलगी वारली म्हणतो. मियुकी उर्मट आहे. हाना तर नाटकीपणाचा कळस. तिघं सतत कडाकडा भांडतात, आणि त्या भांडणातच बाळाचं दूध गरम होत असतं.

बघितला असेल त्यांनी मत द्या. नसेल तर २४ ला रात्री दहाला लावा.

तिरपागडा

बघितलाय. दोनदा. दुसऱ्यांदा बायकोने लावला म्हणून.

चित्रं उत्तम, शहर उत्तम, पण ही पटकथा आहे की सोडत? बाळाला दूध आणि लंगोट हवेत, तर ते स्मशानात कुणीतरी मेलेल्यांसाठी ठेवलेल्या वस्तूंत सापडतात. तिथेच गाडीखाली अडकलेला गुंडांचा म्होरक्या सापडतो. मियुकी आगगाडीत बसते, गाडी बर्फात अडकते, आणि समोरच्या गाडीच्या खिडकीत कोण? तिचा बाप! टोकियोत कोटभराच्या वर माणसं राहतात हो. कोनने 'परफेक्ट ब्लू' आणि 'मिलेनियम ॲक्ट्रेस' केलेत, त्या माणसाला हे शोभतं का? हेच एखाद्या हिंदी दिग्दर्शकाने केलं असतं तर इथेच त्याची सालटी निघाली असती.

पाणचक्की

तिरपागडा, हिंदीचा विषय तुम्ही काढलात म्हणून. 'अमर अकबर अँथनी'मध्ये तीन भावांचं रक्त एकाच वेळी नळीतून वर चढून आईच्या अंगात जातं. १९७७ पासून आपण ते आनंदाने बघतोय. आईला रक्त मिळालं, आपल्याला गहिवर आला, विज्ञान गेलं खड्ड्यात. मग जपान्यांनीच काय घोडं मारलंय?

आता गंभीरपणे. इथे योगायोग हीच गोष्ट आहे, चुकून पडलेली भोकं नव्हेत. एक प्रसंग सांगतो, रसभंग होईल, पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल.

जिनला टवाळ पोरं गंमत म्हणून बेदम मारतात. तो गल्लीत बर्फात पडलाय, मरायला टेकलाय, आणि समोर पंखवाली देवदूत उभी राहते. ती विचारते, माझी जादू हवी की अँब्युलन्स? जिन म्हणतो, अँब्युलन्स. मग कळतं की ती क्लबातली कलाकार आहे, कार्यक्रमाच्या वेषातच बाहेर आलेली. सगळा सिनेमा मला या एका प्रश्नात दिसतो. चमत्कार दारात येतो तेव्हा त्याने कुणाचा तरी भाड्याचा पोशाख घातलेला असतो, आणि समोरचा माणूस इतका थकलेला असतो की त्याला जादू नकोच असते.

वाटाण्याची_उसळ

वाखुसा (वाचनखूण साठवली).

दोन_पोरांची_आई

धागाकर्त्यांनी एक गोष्ट पहिल्याच ओळीत लिहायला हवी होती: हा लहान मुलांचा सिनेमा नाही. 'ॲनिमेशन' आणि 'नाताळ' हे दोन शब्द एकत्र वाचले की आयांच्या डोक्यात काय येतं ते तुम्हाला माहीत नाही का? अमेरिकेत याला पीजी-१३ आहे, म्हणजे तेराखालच्या मुलांसाठी पालकांना सावधगिरीची सूचना. मारहाण आहे, गोळीबार आहे, पुलावरून उडी मारायला निघालेली बाई आहे, मुलीने बापाला भोसकलेलं आहे. माझा धाकटा साडेसहा वर्षांचा. मी काय त्याला 'बेटा, हे बघ, याला नाताळ म्हणतात' असं सांगू?

गेल्या वर्षी एका नातेवाइकांनी असंच 'घिबलीचं (जपानी ॲनिमेशन स्टुडिओ) काहीही लाव, गोडच असतं' म्हणून सांगितलं. मी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लावला. युद्धात अनाथ झालेल्या बहीणभावाची गोष्ट. थोरली दोन दिवस धड जेवली नाही. तेव्हा कृपा करून. नाताळला मुलांबरोबर बघायचं तर 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' लावा, नाहीतर 'माय नेबर टोटोरो'. बर्फ नाही, सांता नाही, पण रात्री पोरं शांत झोपतात.

तिरपागडा

ताई, हसून हसून पुरेवाट झाली. पण तुमच्या नातेवाइकांचा दोष अर्धाच धरा. १९८८ साली जपानी थिएटरांत 'टोटोरो' आणि 'फायरफ्लाइज' एकाच तिकिटात दाखवले होते. तिथल्या आयांनी काय केलं असेल!

निशीकसाईकर

टोकियोतून लिहितोय, नऊ वर्षं झाली इथे. निशी-कसाई म्हणजे इथलं भारतीयांचं गाव. दुकानात तूरडाळ मिळते, शेजारून फोडणीचा वास येतो.

इथला नाताळ म्हणजे काय ते आधी सांगतो, मग सिनेमा वेगळा दिसेल. २५ डिसेंबरला सुट्टी नसते. मी दरवर्षी ऑफिसात असतो. ख्रिस्ती लोक शंभरात एखादा. २४ ची संध्याकाळ ही जोडप्यांची, हॉटेलात टेबल मिळत नाही. घरी पोरंबाळं असली की स्ट्रॉबेरी लावलेला पांढरा केक आणि केएफसीचं तळलेलं चिकन. हसू नका, १९७४ सालच्या जाहिरातीपासून ही प्रथा पडली आणि लोक आठवडे आधी नोंदणी करतात. मी एकदा न नोंदवता गेलो, पाऊण तास रांगेत उभा राहिलो आणि तळलेले बटाटे घेऊन परत आलो. २६ ला सकाळी सगळी झाडं-दिवे गुंडाळलेले असतात, त्या जागी पाइन आणि बांबूची नववर्षाची सजावट. इथला घरी जाण्याचा सण म्हणजे नवं वर्ष. ३१ च्या रात्री देवळात १०८ वेळा घंटा वाजते, घरोघरी सोबा शेवया खातात. आपल्याकडे दिवाळीला गावी न गेलेला माणूस जसा डोळ्यात येतो, तसा इथे ३१ ला एकटा राहिलेला.

आता बघा. सिनेमा नाताळला सुरू होतो आणि नववर्षाकडे सरकतो. म्हणजे ज्या आठवड्यात अख्खं शहर घराकडे निघालंय, त्याच आठवड्यात घर नसलेली तीन माणसं दुसऱ्याचं घर शोधत उलट्या दिशेने चालली आहेत. माझ्या लेखी हा नाताळचा सिनेमा कमी आणि वर्षअखेरीचा जास्त. शेवटी श्रेयनामावलीवर बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतलं आनंदगीत वाजतं, तेही याचसाठी. जपानात डिसेंबरात गल्लोगल्ली नववी वाजते, हौशी गायकवृंद महिनोन्महिने तालमी करतात.

अजून एक. सिनेमातले निळ्या ताडपत्रीचे तंबू कल्पनेतले नाहीत. २००३ मध्येच सरकारने बेघरांची देशभर मोजणी केली, तेव्हा आकडा २५ हजारांच्या वर गेला होता. इथे आल्यावर पुलाखाली पहिल्यांदा असा तंबू पाहिला, बाहेर चपला नीट जोडीने ठेवलेल्या. त्या चपला अजून डोळ्यांसमोर आहेत.

अर्धविराम

सगळे कौतुक करताय म्हणून एक खडा टाकते. हानाबद्दल कुणी बोलत नाहीये.

तिच्यावर जे शब्द फेकले जातात ते जपानी कानाला काय लागत असतील ते आपल्या रस्त्यावरचे तसले शब्द आठवा म्हणजे कळेल. जिन तर प्रत्येक दुसऱ्या वाक्याला तिला हिणवतो. आणि चित्र काढतानाही तिचा जबडा, तिचे हातवारे, तिचं किंचाळणं हे हसण्यासाठी ताणलंय. २००३ ला चाललं, आज मला खुपतं. हे नाताळचं 'हृद्य' वगैरे म्हणताना थोडं जपून.

पाणचक्की

अर्धविराम, खुपतं हे मान्य. पण मला वाटतं सिनेमा हसणाऱ्यांच्या बाजूने नाही. बाळाचं नाव कोण ठेवतं? हाना. जपानीत 'सायलेंट नाइट' हे नाताळगीत गातात त्याच्या पहिल्याच शब्दात 'कियोशी' येतो, म्हणजे पवित्र. त्यावरून कियोको. शहरभर बाळ छातीशी धरून कोण फिरतं? हाना. मधूनमधून पडद्यावर हायकू उमटतात, त्याही तिच्या. या तिघांत आई म्हणावी अशी एकच आहे आणि दिग्दर्शकाला ते पक्कं ठाऊक आहे.

अर्धविराम

आईपण दिलं की बाई सिद्ध झाली, हा आणखी एक जुनाच सापळा. पण ठीक, तो वेगळा धागा होईल.

एक भर घालते: २०२० मध्ये अमेरिकेत नवं इंग्रजी डबिंग आलं, त्यात हानाला आवाज शकिना नायफॅक या पारलिंगी अभिनेत्रीने दिलाय. मूळ जपानीत योशिआकी उमेगाकी आहेत. मी दोन्ही ऐकलेत. उमेगाकींचा आवाज जास्त धमाल आहे, नायफॅकचा जास्त जखमी. पहिल्यांदा बघणाऱ्यांनी जपानीच घ्या, हे मी म्हणतेय म्हणजे बघा.

वसईवाला

आमच्याकडे २४ ला रात्री चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थना), तिथून आल्यावर करंज्या-केक आणि गप्पा, सिनेमाला वेळ कुणाला? पण दोन वर्षांपूर्वी भाच्याने २६ ला लावला आणि आम्ही पाच जण बसलो.

तुम्ही सगळे जपान जपान करताय, मला तर तो थेट गोठ्याची, म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट वाटला. आमच्या गावात पोरं रात्र रात्र जागून गोठा बांधतात. गवत, माती, दिव्यांच्या माळा, पाण्याचा झरासुद्धा सोडतात. बक्षिसं असतात. दरवर्षी गोठा आणखी देखणा होतो आणि दरवर्षी माझी आई म्हणते, अरे, एवढ्या चांगल्या जागेत कशाला जन्मेल तो? शुभवर्तमानात 'उतारशाळेत त्यांना जागा नव्हती' असं आहे. दुकानातून हाकललेली तीन माणसं आणि बाळ बघून आईने मला कोपर मारलं. बोलली काहीच नाही. थोड्याच वेळात त्याच दुकानात, ती चौघं उभी होती नेमक्या त्याच जागी, अँब्युलन्स घुसते. तिरपागडा, हा तुमचा अजून एक योगायोग, घ्या लिहून.

बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या जागी तीन भणंग, ही कल्पना मात्र कोनची एकट्याची नाही. जॉन फोर्डचा १९४८ चा वेस्टर्न आहे, वाळवंटात तीन दरोडेखोरांना बाळ सांभाळावं लागतं. कोन आणि सहलेखिका केइको नोबुमोतो यांनी ते शहरात आणलं.

दोन_पोरांची_आई

वसईवाला, तुमच्या आईंचं वाक्य आवडलं. तरी मुलांबद्दलचं माझं मत तेच.

तिरपागडा

माझंही. शेवटी जी उंच इमारतीवरची उडी आहे आणि त्यानंतर जे वारं सुटतं, ते मला पटणार नाही म्हणजे नाही. तोवर सिनेमाने कमावलेलं सगळं तिथे उधळलं. कोन २०१० मध्ये अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेला, त्याच्या सिनेमांचं वाईट बोलताना जीभ अडखळते, पण बोलतो.

निशीकसाईकर

उडी आवडली नाही तर निदान वाऱ्यानंतर उजाडतं तेव्हाचं टोकियो बघा. हिवाळ्यातला इथला सकाळचा उजेड असाच असतो, कोरडा आणि सपाट. कुणीतरी खिडकीशी बसून काढलाय तो.

दोन_पोरांची_आई

(२५ डिसेंबर, पहाटे १:१०)

पोरं झोपल्यावर लावला. एकटीने. नवरा मध्येच उठून आला, 'कार्टून बघून रडतेस?' म्हणाला आणि शेवटपर्यंत बसला. योगायोग मी अकरा मोजले, मग आगगाडीच्या खिडकीपाशी मोजणं राहून गेलं. धाकट्याला बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत दाखवणार नाही. पाणचक्की, जिनची खरी मुलगी भेटते तेव्हा तिचं नाव ऐकून मी सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायला गेले. हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत त्याबद्दल धन्यवाद.

पाणचक्की

आणि तुम्ही आता सांगून टाकलंत!

वाटाण्याची_उसळ

मी अजून बघितला नव्हता हो.