मेंढरांना मेथिओनीन द्यायचं कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. राहायला घाटकोपरला, पण मेंढरं गावी, माण तालुक्यात. थोरला भाऊ बघतो. यंदाच्या कातरणीला लोकर फारच कमी निघाली. बोटांनी विंचरून पाहिली तर धागा ताणताच तुटतो.

पेंडवाल्याने कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती मेथिओनीनची (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) पावडर दिलीय. लोकर ज्या प्रथिनाची बनते त्या केराटीनला गंधक असलेलं सिस्टीन लागतं आणि मेथिओनीनपासून शरीर ते बनवतं, इतपत मला कळतं. पण साधी पावडर मेंढराच्या चार पोटांपैकी पहिल्या पोटातले जंतूच फस्त करतात ना? १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियात लोकर वाढली, ती हे अमिनो आम्ल थेट चौथ्या पोटात सोडल्यावर. म्हणजे आमचे पैसे शेणात! वर गंधक जास्त झालं तर तांबं अंगी लागत नाही, ती वेगळीच भीती.

तर, पहिल्या पोटात न विरघळणारं, म्हणजे बायपास मेथिओनीन कुणी दख्खनी मेंढरांना दिलंय का? दर मेंढरामागे किती? मुंबईत किरकोळ मिळेल का? २५ किलोचं पोतं परवडणार नाही. की आधी सरकी पेंडच वाढवू? भाऊ तेच म्हणतोय, आणि तो बहुतेक बरोबर असतो.