जुन्या जीपचा रंग : मॅट काळा, मेटॅलिक निळा की साधा क्रीम?

धागाकर्ता (दारव्हा तालुका)
महिंद्राची एमएम ५४० जीप. बॉडी चेसिसवरून उतरवली, फ्लोअरचा सडका पत्रा कापून नवा वेल्ड केला. आता रंगावर गाडी अडली आहे. डोक्यात तीन आहेत: मॅट काळा, गडद मेटॅलिक निळा, साधा क्रीम. गाडी वावरात जाईल, बाजारालेही जाईल, उभी राहील निंबाखाली. पेंटर तालुक्याचाच, रंग मारायचा बंद बूथ नाही, टिनाचं शेड आहे. आरसीवर रंग पांढरा. मत द्या, पण कारणासकट.

पत्रा-लांबी
क्रीम, आणि तोही सॉलिड (भुकटी नसलेला) पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा पॉलियुरेथेन रंग. मेटॅलिक नाही.
धुऱ्यावरच्या बाभळीचे काटे मडगार्डावर ओरखडे पाडणारच. सॉलिड रंगावरचा वरवरचा ओरखडा २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासला, कंपाउंड (चमक आणायची पेस्ट) मारलं की निघते. खोल गेला तर तेवढाच भाग मारून कडा विरवता येतात. मेटॅलिकमध्ये हे जमत नाही. त्यातली चंदेरी भुकटी स्प्रे-गनचं अंतर, हवेचा दाब आणि कोट किती ओला बसला यावर आडवी-उभी बसते. ओला कोट गडद दिसते, कोरडा फिका. सहा महिन्यांनी एक मडगार्ड मारलं की ते उन्हात दुसऱ्या गाडीचं वाटते. रंग निवडताना आधी हे पाहा की तो तुमच्या तालुक्यात दुरुस्त होईल का.

मॅटवाला
क्रीम जीप म्हणजे पंचायत समितीची गाडी, भाऊ! जून ते सप्टेंबर काळ्या मातीचे शिंतोडे टपापर्यंत उडतात, तेव्हा क्रीम रोज धुवा लागते.
आणि एक गोष्ट कोणी बोलून नाही रायलं. जीपचे पत्रे सपाट. हाताने डेंटिंग केलेल्या सपाट पत्र्यावर चकचकीत रंग मारला की प्रत्येक लाट उघडी पडते, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) कुठं भरली तेही दिसते. मॅटमध्ये प्रतिबिंबच नाही, म्हणून लाट लपते. शिवाय सपाट बॉनेटवरून उन्हाची चमक डोळ्यात येत नाही.

पत्रा-लांबी
लाटेचा मुद्दा खरा. पण त्यावर इलाज लांब ब्लॉकने घासणं हा आहे. लांबीचा थर २-३ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर कंपनाने तडकते. आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०. सर्फेसरवर (रंगाखालच्या, घासून सपाट करायच्या थरावर) काळ्या पावडरचा हलका हात फिरवून ४०० चा पेपर चालवा. खड्डा असेल तिथं काळं उरते.
मॅटचा खरा घात देखभालीत. वरचा थर मुद्दाम खडबडीत असतो, म्हणूनच चमकत नाही. कोरड्या फडक्याने धूळ पुसत राहिलं की दार-हँडलजवळ तुकतुकीत डाग पडतात. कंपाउंड लावता येत नाही. पाखरांची घाण, डिझेलचा ओघळ कायमचा. निंबाखाली गाडी म्हटल्यावर पाखरं आलीच. डाग पडला की अख्खा पॅनेल पुन्हा.
क्रीमवर चिखल दिसते, मान्य. पण गंजाचा ओघळही लगेच दिसते. काळ्यावर तो दिसेपर्यंत पत्रा पोखरला असते.

बेस-क्लिअर
मेटॅलिकला उगाच बदनाम करून रायले. चूक पद्धतीची असते. सगळा रंग एका भांड्यात एकत्र ढवळून घ्या, दोन डब्यांत फरक राहतोच. दारं, बॉनेट, मडगार्ड गाडीवर जसे बसतात तसे उभे-आडवे लावून एकाच दिवशी मारा. शेवटचा हलका कोट थोडं अंतर वाढवून, म्हणजे ढगासारखे गडद-फिके पट्टे येत नाहीत. पाण्याचा पेपर बेसच्या (मेटॅलिक रंगाच्या थराच्या) आधी ८००. मिक्सिंगवाल्याकडून फॉर्म्युल्याचा कागद घेऊन आरसीसोबत ठेवा. वरच्या क्लिअरचा (बिनरंगी चमकदार थराचा) फायदा असा की ऊन आधी तो झेलते.

मधला
पद्धत बरोबर, पण शेड? क्लिअर ओला असताना उडालेलं कुटार त्यात बसलं की बसलं. तुरीची मळणी सुरू असताना उघड्या शेडमध्ये गडद मेटॅलिक मारणं म्हणजे संकट ओढवून घेणं. जमीन ओली करा, बाजूला जुन्या साड्या नाही, प्लास्टिक बांधा. कापडाचे धागे सुटतात.
मोसमही रंगाइतकाच पाहा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकते, तेव्हा फास्ट थिनरने रंग पत्र्यावर पोचायच्या आधीच सुकते: संत्र्याच्या सालीसारखा पोत, वरून सुकून आत अडकलेल्या थिनरचे सुईएवढे फोड. स्लो थिनर घ्या, काम सकाळी नऊच्या आत संपवा. पावसाळ्यात उलट त्रास. कॉम्प्रेसरच्या पाइपात पाणी, आणि पीयूचा हार्डनर ओलावा धरते. नोव्हेंबर-डिसेंबर बरा, फक्त दव पडायच्या आत रंग वरून सुकला पाहिजे.

नवीन प्रश्न
मिलिटरी हिरवा का नको? जीपले तोच शोभते.

मधला
शोभते, पण चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१: ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आणि कोणताही रंग बदला, आरटीओत आरसीवर नोंद करा. १५ वर्षांवरच्या गाडीच्या आरसीचं नूतनीकरण करताना तपासणीत तेही पाहतात.

धागाकर्ता
मग क्रीम, आणि बॉनेटचा वरचा भाग तेवढा मॅट काळा. माल किती लागेल? खाली प्रायमर कोणता?

पत्रा-लांबी
आत-बाहेर मिळून दोन-अडीच लिटर रंग, थिनर-हार्डनर सोडून. हार्डनरचं माप डब्यावरचंच. जास्त टाकला तर ठिसूळ होते. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, त्यावर फिकट राखाडी सर्फेसर. लाल ऑक्साइडवर क्रीम मारू नका, झाकायला कोट वाढतात आणि छटा गुलाबी पडते.
रंग डब्यात पाहून पास करू नका. सर्फेसर मारलेल्या वीतभर पत्र्यावर नमुना मारून दुपारच्या उन्हात आणि संध्याकाळी सावलीत पाहा. क्रीममध्ये पिवळा थेंब जास्त पडला की उन्हात साजूक तुपासारखा दिसते.
पेंटरले कोळशाच्या फिल्टरचा मास्क द्या. पीयू हार्डनरचा धूर रुमालाने अडत नाही.

मॅटवाला
बॉनेट तरी वाचलं. त्यावर कोरडं फडकं फिरवू नका, पाणी ओतून धुवा.